सायबेरियाचा चागा, आठ पोती आणि ठाण्याचा पावसाळा

प्रश्न: नौपाड्यात सासऱ्यांच्या वेळेपासूनचं आमचं काष्ठौषधीचं दुकान आहे. तुर्भ्याच्या मसाला मार्केटमधला एक ओळखीचा दलाल सायबेरियाचा चागा मशरूम देतो म्हणतो. २५ किलोची आठ पोती: चार तुकड्यांची, चार भुकटीची. १०० ग्रॅमची पाकिटं करून विकायचा आमचा विचार आहे. आठवड्यात बयाणा द्या म्हणून तो मागे लागलाय. माल अस्सल आहे हे कसं ओळखायचं? पावसाळ्यात टिकेल का? गिऱ्हाइकं मधुमेह, कॅन्सर असं विचारतात, त्यांना किती घ्यायला सांगायचं? आणखी एक. येऊरकडची एक बाई रेशी म्हणून अळंबी आणून देते, ती ठेवावी का? — सौ. व. पा., ठाणे

उत्तर: ताई, बयाणा दिला नसेल तर देऊ नका. भुकटीची चार पोती तर मनातूनच काढून टाका, का ते पुढे येईलच. दलालाकडे सध्या दोनच गोष्टी मागा. तुकड्यांच्या पोत्यांतला एक किलो नमुना, रोख पैसे देऊन. आणि ज्या कन्साइनमेंटमधून हा माल आला तिची बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीच्या वेळी कस्टम्सकडे भरलेला कागद. आयातदाराला खरेदीभाव झाकायचा असेल तर तेवढा रकाना काळा करून द्या म्हणावं, पण क्रमांक, तारीख, मालाचं वर्णन, वजन आणि मूळ देश दिसायलाच हवा. चागा भारतात यायचा तर न्हावाशेवासारख्या बंदरातून किंवा विमानतळावरून, कस्टम्स आणि एफएसएसएआयच्या (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) हाताखालून येतो. चागा ही थंड प्रदेशातल्या बर्चच्या झाडावर येणारी बुरशी, आणि सह्याद्रीत बर्च होत नाही, त्यामुळे ‘इथलाच आहे, कागद लागत नाहीत’ हे उत्तर मिळालं तर बोलणं तिथेच थांबवा.

कागद मिळाले तरी अस्सलपणाच्या आधी एक प्रश्न उरतो: हा माल खाद्यपदार्थ म्हणून विकता येतो का? हेल्थ सप्लिमेंट आणि न्यूट्रास्युटिकलसाठी एफएसएसएआयचे नियम आहेत आणि त्यांच्या परिशिष्टांत चालणाऱ्या घटकांच्या याद्या आहेत. त्यांत वनस्पतिशास्त्रीय नावाने शोधायचं. चागाचं नाव इनोनोटस ऑब्लिक्वस. नुसतं ‘मशरूम’ किंवा ‘मेडिसिनल मशरूम’ धरून चालत नाही. एका जातीला असलेली मुभा दुसरीला लागू होत नाही. घटक कुठल्याच यादीत किंवा मानकात बसत नसेल तर २०१७ च्या नॉन-स्पेसिफाइड फूडच्या नियमांखाली आधी मंजुरी लागते. ती आयातदाराने किंवा उत्पादकाने घेतलेली असली पाहिजे, आणि तिची प्रत तुमच्या फायलीत हवी. यादीची सध्याची आवृत्ती परवान्याचं काम बघणाऱ्या सल्लागाराकडून तपासून घ्या, लेखी. शिवाय पोतं फोडून पाकिटं करणं हे नुसतं किरकोळ विकणं नव्हे, ते रिपॅकिंग झालं. दुकानाच्या परवान्यात तो प्रकार नसेल तर एफएसएसएआयच्या फॉसकॉस या परवान्यांच्या पोर्टलवर जोडून घ्यावा लागेल.

कुणी तरी आयुर्वेदाचा आडमार्ग सुचवेल. भूर्जपत्र आयुर्वेदात आहे, चागा भूर्जाच्याच भाऊबंदांवर येतो, मग लावा आयुर्वेदिक लेबल. हे चालत नाही. आयुर्वेदिक पेटंट औषधातले घटकसुद्धा औषध कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातल्या ग्रंथांमध्ये असावे लागतात, आणि झाड ग्रंथात आहे म्हणून त्याच्यावरची बुरशी ग्रंथात येत नाही.

आता माल. तुम्ही काष्ठौषधीतल्या आहात, सालीचा आणि मुळाचा हात तुम्हाला आहे, तेव्हा हे जड जाणार नाही. चागा म्हणजे छत्रीसारखी उगवणारी अळंबी नव्हे. रशिया, फिनलंड, कॅनडा, अलास्का इथल्या थंड जंगलांत बर्चच्या जिवंत खोडात ही बुरशी शिरते, वर्षानुवर्षं आतलं लाकूड कुजवते आणि साल फाडून कोळशासारखा काळा, भेगाळलेला गठ्ठा बाहेर काढते. तोच कुऱ्हाडीने तोडून आणतात, बहुतेक शरद ते वसंताच्या सुरुवातीपर्यंत, कारण पानं झडलेल्या झाडावर तो लांबूनही दिसतो. चांगला तोडणारा जिवंत झाडावरचाच घेतो आणि थोडा मागे ठेवतो. मेलेल्या किंवा आडव्या पडलेल्या झाडावरचा घ्यायचा नसतो, तो आतून भुसभुशीत झालेला असतो आणि त्यात दुसऱ्या बुरशी शिरलेल्या असतात. तोडल्यावर खोडाचं लाकूड छाटायचं, गठ्ठ्याचे मुठीत मावतील असे तुकडे करायचे आणि ६० अंशांच्या आत वाळवायचे. ओला माल पोत्यात दाबून ठेवला की पोटात पांढरी-हिरवी बुरशी धरते. नंतर वाळवला की ती नजरेला दिसत नाही, वास मात्र राहतो.

तुकडा हातात आल्यावर तो फोडा. बाहेरचा थर काळा, ठिसूळ, बोटांना काजळी लागेल असा. आत गंजासारखा तपकिरी ते सोनेरी रंग, बुचासारखा पोत, मध्येमध्ये फिकट पिवळसर रेषा. सगळा तुकडा आतपर्यंत काळा आणि चुरा होणारा निघाला तर तो मेलेल्या झाडावरचा, जुना माल. आत सरळ तंतू दिसले, चाकू लांबट धांदोट्या काढत गेला, तर ते लाकूड किंवा झाडाची गाठ. तुकड्याच्या मागे लाकडाचा पातळ पापुद्रा राहणं स्वाभाविक आहे. एक किलो नमुन्यातलं सगळं लाकूड आणि पांढरी साल वेगळी काढून वजन करा. ५० ग्रॅमच्या वर गेलं तर तुम्ही चागाच्या भावाने सरपण घेताय. उलट, काळा थर पूर्ण तासून काढलेला, नुसता सोनेरी माल ‘प्रीमियम’ म्हणून दाखवतील. दिसायला सुरेख असतो, पण मेलॅनिन आणि बर्चच्या सालीतून आलेलं बेट्युलिन मुख्यतः त्या काळ्या थरातच असतं.

रसायनाची एक सोपी कसोटी आहे. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्याकडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं ५ टक्क्यांचं द्रावण आणा, हातमोजे आणि चष्मा घालून आतल्या सोनेरी भागावर एक थेंब टाका. चागा लगेच गडद होत काळा पडतो. लाकूड किंवा रंगवलेला तुकडा तसा पडत नाही. पण चागाच्या कुळातल्या इतर बुरशीही काळ्या पडतात, बर्चवर येणारा फेलिनस त्यातलाच. म्हणजे या थेंबाने खोटा माल पकडता येतो, खऱ्याची खात्री मिळत नाही. फेलिनस ओळखायचा तो आकारावरून. तो घोड्याच्या खुरासारखा असतो आणि खालच्या बाजूला बारीक छिद्रं असतात. चागाच्या गठ्ठ्याला छिद्रांचा थर नसतो.

भुकटीत या खुणांपैकी एकही उरत नाही, म्हणूनच ती पोती नकोत. तिच्यात बर्चच्या लाकडाचा भुसा असू शकतो. धान्यावर वाढवलेलं मायसेलियम (बुरशीचे तंतू) धान्यासकट दळलेलं असू शकतं. आणि तेल काढलेली लवंग बाजारात फिरते तसा अर्क काढून परत वाळवलेला चोथाही असू शकतो. धान्य पकडायला आयोडीन पुरतं. अर्धा चमचा भुकटी कपभर पाण्यात दहा मिनिटं उकळा, गाळा, पूर्ण गार करा, पाणी घालून फिकट चहाच्या रंगावर आणा आणि जखमेवर लावायचं पोव्हिडोन आयोडीन थेंब-थेंब टाका. निळं-काळं झालं तर पिष्ट आहे, म्हणजे धान्य आहे. इथे एक फसगत होते. चागातली पॉलिफेनॉल्स आयोडीनचा रंगच खाऊन टाकतात आणि पिष्ट असूनही काही दिसत नाही. म्हणून आयोडीनचा स्वतःचा तपकिरी रंग टिकेपर्यंत थेंब टाकत राहायचं. शेजारी दुसऱ्या कपात त्याच चहात चिमूटभर तांदळाचं पीठ उकळून तीच कसोटी घ्या. तो कप निळा झाला तरच पहिल्या कपाच्या ‘नाही’वर विश्वास ठेवायचा.

अर्क काढलेला चोथा वजनावरून सापडतो, आणि हे तुकड्यांनाही लागू आहे. रशियन औषधकोशाच्या मानकात चागातून पाण्यात उतरणारा भाग किमान २० टक्के मागितला आहे. घरी अंदाज घेता येतो. सोनाराचा ०.०१ ग्रॅमचा काटा घ्या. १० ग्रॅम भुकटी अर्धा लिटर पाण्यात दोन तास मंद आचेवर ठेवा, वजन केलेल्या कॉफी फिल्टरमधून गाळा, चोथा फिल्टरसकट १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. भुकटीत १० टक्के ओलावा होता असं धरलं तर सुरुवातीचा कोरडा ऐवज ९ ग्रॅम. मागे ७.२ ग्रॅम किंवा कमी उरलं तर ठीक. ८ ग्रॅमच्या वर राहिलं तर त्या मालाचा चहा आधीच कुणीतरी पिऊन झालाय. बारीक कण फिल्टरमधून निसटले तर आकडा खोटा चांगला येतो, म्हणून दोनदा करा.

विकणारा ‘पॉलिसॅकराइड ३० टक्के’ असा रिपोर्ट पुढे करील. त्याला फार भाव देऊ नका, तांदळाचं पीठही पॉलिसॅकराइडच. बीटा-ग्लुकनचा आकडा वेगळा आणि अल्फा-ग्लुकनचा वेगळा मागा. अल्फा फुगलेला दिसला की धान्य आलं.

पावसाळ्याचं तुम्ही विचारलंत. परदेशी मालाचं ठाण्यात सगळ्यात जास्त नुकसान त्यातच होतं. रशियन मानकात वाळलेल्या चागाला १४ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. कोरड्या हवेतल्या गोदामात ते खपतं. खाडीकाठच्या जुलैत हवाच ओली असते आणि वाळका माल ती पीत राहतो. तुम्ही १० टक्क्यांचा नेम धरा. ओलावा मोजायचा तर १० ग्रॅम भरड १०५ अंशांवर वाळवून वजनातली घट बघा: १०.०० चे ८.९० झाले तर ११ टक्के. घरच्या ओटीजी ओव्हनचा आकडा बेभरवशाचा, आत वेगळा थर्मामीटर ठेवा. शक्य असेल तर प्रयोगशाळेकडून वॉटर ॲक्टिव्हिटीही (बुरशीला वापरता येईल अशा मोकळ्या पाण्याचं माप) काढून घ्या. ती ०.६० च्या खाली असेल तर बुरशी वाढत नाही, आणि शेवटी आपल्याला तेवढंच हवं असतं.

हा खरेदीचाही हिशेब आहे. २५ किलोच्या पोत्यात १६ टक्के ओलावा असेल तर कोरडा ऐवज २१ किलो. तो १० टक्क्यांवर आणला की पोतं भरतं २३ किलो ३३० ग्रॅम. म्हणजे एका पोत्यामागे १ किलो ६७० ग्रॅम पाण्याचे पैसे तुम्ही मोजले. भाव ठरवताना ओलाव्याची मर्यादा सौद्याच्या चिठ्ठीत लिहून घ्या आणि वरचा ओलावा वजनातून वजा होईल असंही लिहा.

थंड वखारीतून आलेलं पोतं दुकानात लगेच उघडू नका, गार मालावर हवेतली वाफ धरते. २४ तास बंदच राहू द्या. मग ओलावा मोजा. जास्त निघाला तर ५० ते ५५ अंशांवर ट्रेमध्ये एका थरात वाळवा. तुकडे एक-दोन सेंटिमीटरचे असतील तर लवकर होतं, मोठे असतील तर वरून कोरडे आणि आतून ओले राहतात आणि दोन दिवसांनी पुन्हा ओलसर लागतात. गच्चीवर वाळवायचा बेत पावसाळ्यात करूच नका. वाळलेला माल गार होऊ द्या, पण गार झाल्यावर तासभरही उघडा ठेवू नका. जाड पिशवी आणि तिच्यावर घट्ट झाकणाचा फूड-ग्रेड ड्रम, फळीवर, भिंतीपासून हातभर दूर.

सिलिका जेलच्या पुड्यांवर दुकानदारांची फार श्रद्धा असते. तिचा हिशेब मांडून बघा. १४ टक्के ओलाव्याचा एक किलो माल १० वर आणायला साधारण ४४ ग्रॅम पाणी काढावं लागतं. सिलिका जेल स्वतःच्या वजनाच्या जेमतेम पाव भाग पाणी धरतं असं समजा. म्हणजे किलोमागे पावणेदोनशे ग्रॅम जेल. एक-दोन ग्रॅमची पुडी पाकीट बंद होताना आत राहिलेल्या हवेपुरती, ओला माल तिने वाचत नाही. पाकीट ॲल्युमिनियम फॉइलच्या थराचं, उष्णतेने सीलबंद केलेलं घ्या. खिडकीचं क्राफ्ट पेपर पाकीट दिसतं छान, पण ठाण्यात ते गणपतीपर्यंतही टिकत नाही. भरण्याचं काम एअर कंडिशनर लावून कोरड्या केलेल्या खोलीत करा आणि पावसाआधी उरकता आलं तर फारच बरं.

दळून द्या म्हणणारं गिऱ्हाईक येईल. मिरची-मसाल्याच्या डंकावर चागा देऊ नका, तिखट आणि हळद त्यात उतरते. घरच्या मिक्सरचं तर भांडंच जातं, चागा फार कडक. तुकडेच विका. भुकटी ओलावाही पटकन धरते आणि किडेही. किड्यांची शंका आली तर बंद पिशवीत उणे १८ अंशांवर आठवडाभर ठेवा, आणि बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका. कीड मारायच्या विषारी गॅसच्या गोळ्या दुकानात स्वतः वापरू नका.

नमुना घरच्या कसोट्यांत उतरला तर मगच प्रयोगशाळा. चारही पोत्यांतून वरून, मधून आणि तळातून १००-१०० ग्रॅम काढा, सगळं भरड करून एकत्र कालवा, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवा. उरलेल्याचे तीन सीलबंद नमुने करा: एक प्रयोगशाळेला, एक दलालाला, एक तुमच्याकडे, तिघांवर दोघांच्या सह्या. प्रयोगशाळा एनएबीएल मान्यतेची आणि एफएसएसएआयच्या यादीतली हवी. मागायच्या तपासण्या: ओलावा, एकूण राख आणि आम्लात न विरघळणारी राख, शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, पारा, अफ्लाटॉक्सिन, यीस्ट आणि बुरशीची मोजणी, ई. कोलाय, साल्मोनेला. पश्चिम रशिया, बेलारूस किंवा फिनलंडचा माल असेल तर किरणोत्सर्गी सीझियम-१३७ सुद्धा. चेर्नोबिलची धूळ १९८६ मध्ये त्या बाजूला पडली आणि जंगली बुरशी सीझियम धरून ठेवतात; युरोपीय संघाची आयातीची मर्यादा ६०० बेक्वेरल प्रतिकिलो आहे. पोत्यावर नुसतं ‘सायबेरिया’ छापलेलं पुरेसं नाही, फायटोसॅनिटरी सर्टिफिकेटवर (माल रोग-किडीपासून मुक्त असल्याचा निर्यातदार देशाचा दाखला) कुठला प्रांत आहे ते वाचा. फिनलंडचा असेल तर जमीनमालकाच्या परवानगीचा कागद मागा. तिथे जंगलातल्या बेरी आणि अळंबी कुणीही वेचू शकतो, चागा नाही, कारण तो तोडताना झाडाला इजा होते.

गिऱ्हाइकांना किती घ्यायला सांगायचं, याचं उत्तर: काहीच सांगू नका. सोव्हिएत रशियात १९५० च्या दशकापासून चागाचा अर्क औषध म्हणून चालत आला, हे खरं. पण कॅन्सर किंवा मधुमेहावर तो लागू पडतो असं दाखवणारं जे काम पुढे केलं जातं ते मुख्यतः पेशींवरचं आणि उंदरांवरचं. तोटा मात्र माणसांत नोंदलेला आहे. चागात ऑक्झलेट भरपूर असतं. २०१४ मध्ये जपानमधून प्रसिद्ध झालेल्या नोंदीत ७२ वर्षांच्या एका बाईंनी यकृताच्या कॅन्सरसाठी रोज चार-पाच चमचे भुकटी सहा महिने घेतली होती. मूत्रपिंडांत ऑक्झलेटचे स्फटिक साचले आणि डायलिसिस सुरू करावं लागलं. २०२० मध्ये दक्षिण कोरियातूनही भुकटी वर्षानुवर्षं घेणाऱ्या माणसाची तशीच नोंद आली. भुकटी नको म्हणण्याचं हे दुसरं कारण: चहात विरघळणारं तेवढंच ऑक्झलेट उतरतं, भुकटीत सगळं पोटात जातं.

म्हणून मुतखडा झालेला, क्रिएटिनिन वाढलेला, वॉर्फरिन किंवा क्लोपिडोग्रेलसारखी रक्त पातळ करणारी गोळी घेणारा, इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्यांवर असणारा, ऑपरेशन ठरलेला, गरोदर किंवा अंगावर पाजणारी, आणि लहान मूल, यांना पाकीट देऊ नका. कॅन्सरचे उपचार चालू असलेल्याला त्याच्या डॉक्टरांकडे परत पाठवा. हे पाकिटावर मराठीत, वाचता येईल अशा अक्षरांत छापा. मधुमेह आणि कॅन्सर हे दोन्ही १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याच्या यादीत आहेत, आणि त्या कायद्यात तोंडी केलेली घोषणाही जाहिरातच धरली आहे. काउंटरवरचं ‘आमच्या एका गिऱ्हाइकाची साखर उतरली’ आणि व्हॉट्सॲप स्टेटस, दोन्ही बंद. पाकिटावर फक्त चहाची कृती द्या: ३ ग्रॅमचा तुकडा, अर्धा लिटर पाणी, उकळी न आणता वाफ निघेल एवढ्या आचेवर अर्धा ते एक तास. तोच तुकडा रंग उतरेपर्यंत दोन-तीनदा चालतो. निव्वळ वजन, कमाल किंमत, मूळ देश, आयातदार, पॅकर, महिना-वर्ष, तक्रारीचा पत्ता हे वजनमापे नियमांप्रमाणे लागेलच.

हे सगळं जुळलं तरी पहिल्या खेपेला एकच पोतं घ्या. २५ किलोची अडीचशे पाकिटं होतात, आणि नौपाड्यात ती किती महिन्यांत जातात ते आधी कळू द्या.

येऊरच्या बाईंचं. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं आणि वन्यजीव कायद्याखाली तिथून वनोपज काढून विकता येत नाही. पकडली गेली तर ती बाई, आणि तुमच्या काउंटरवर सापडलं तर तुम्ही. शिवाय रेशी ही गॅनोडर्मा नावाच्या बुरशीतली, आणि ती बाई आणते ते बहुधा गॅनोडर्माच्याच कुठल्या तरी जातीचं असावं. वरून लाखेसारखं चकचकीत, खालून पांढरं, असं ठाण्यात गुलमोहराच्या बुंध्याशीही येतं. पण त्या जाती एकमेकींसारख्या दिसतात आणि बाहेरून बघून नेमकी कुठली ते सांगता येत नाही. रस्त्याकडेच्या झाडावरची असेल तर धूर आणि फवारणी वेगळीच. नको म्हणून सांगा. तिच्याकडून विकत घ्यायचंच असेल तर तिच्या स्वतःच्या परसातली हळद, अळू, शेवग्याच्या शेंगा घ्या.